‘भ’च्या डोक्यावरची रेघ

६ जानेवारी

तीर्थरूप मामा,

उभ्याउभ्याच नमस्कार करते. हाताला कोपरापर्यंत रंग लागलाय आणि तो तुमच्या पायांना लागला तर मामी मला पुन्हा घरात घेणार नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता, लगेच मामीकडे देता, आणि मामी माझं वजन विचारते. म्हणून पत्र.

तर बातमी अशी. आमच्या शहरात भिंती रंगवायचा मोठा कार्यक्रम होतोय, तोही नगरपालिकेच्या परवानगीने. म्हणजे गेली सहा वर्षं ज्या कामासाठी चौकीदार आमच्या मागे काठी घेऊन धावायचा, त्याच कामासाठी आता आम्हाला गळ्यात घालायला बिल्ले मिळणार. माझ्या बिल्ल्यावर ‘समन्वयक’ असं लिहिलंय. समन्वय कुणाचा कुणाशी ते अजून ठरायचंय.

कार्यक्रमाचं नाव ‘एक रेषा, अनेक पिढ्या’. ते सांस्कृतिक अधिकारी साहेबांनी ठेवलंय. ‘रेषा’ म्हणताना ते हवेत बोट फिरवतात, त्यामुळे समोरचा दचकतो. भिंत म्हणजे बसस्टँडमागच्या वखारीची लांब भिंत, तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्यावर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहायचं: सारे मिळून भरू या. सगळ्यात ज्येष्ठ कलावंताने आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायची, आणि आम्ही तरुणांनी स्प्रेच्या डब्यांनी खाली अक्षरं लटकवायची.

ते ज्येष्ठ कलावंत तुम्ही, हे सांगायला नको. तुम्ही इथे होतात तोवर या शहरातल्या निम्म्या पाट्या तुमच्या हातच्या होत्या. मी साहेबांना सांगून बसलेय की तुम्ही येणार. १ मार्चला. बस सहा तासांची आहे, खिडकीजवळची जागा बघते.

नाही म्हणू नका.

तुमची,
टिंब

---

१४ जानेवारी

चिरंजीव टिंबे,

आशीर्वाद, पण हातचा राखून. काम बघून उरलेला देईन.

मी कलावंत कधी झालो? चाळीस वर्षं लोक मला "ए पेंटर, शिडी बाजूला घे" म्हणत होते. ‘कुत्र्यापासून सावध’ लिहिलं, कुत्रा मेला, मालक गेला, पाटी राहिली. दंतवैद्याच्या पाटीवर बत्तिशी काढली, तीत एक दात जास्त झाला. दंतवैद्याने कधी मोजले नाहीत, यावरून त्याची पात्रता बघ. मग फ्लेक्स आलं. रातोरात माझ्या पाट्या उतरल्या आणि त्यांच्या जागी दात दाखवणारे फोटो आले. तेव्हा तुमचे साहेब कुठे हवेत बोट फिरवत होते?

तुम्ही फवारेवाले शिरोरेषेला बंधन म्हणता, असं तूच मागे सांगितलं होतंस. अक्षरांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलंत, बिचारी रस्त्यावर आली. आता एकदम छप्पर आठवलं, आणि ते घालायला म्हातारा आठवला.

आणखी एक. ही अखंड रेघ ओढायची कल्पना ज्याच्या डोक्यातून आली, त्याला सांग की आमच्या लिपीत काही अक्षरांचं डोकं उघडं असतं. ‘भ’ घे. त्याच्या डाव्या बाजूला रेघ तुटते, ब्रश उचलावा लागतो. न उचलता सलग ओढलीस तर ‘भ’चा ‘म’ होतो. मग तुमचं वाक्य काय होईल ते साहेबांना मोठ्याने वाचायला सांग.

मी येणार नाही. गुडघा, मणका, बस, सगळी कारणं एकदम धर.

वखारीच्या भिंतीवर खाली उजव्या कोपऱ्यात माझं ‘येथे थुंकू नये’ आहे. अख्ख्या शहरात माझ्या हातचं तेवढंच उरलंय. त्याचं काय करणार आहात?

तुझा,
मामा

ता. क. हे पत्र टाइप का केलं म्हणशील. शेजारचा कारकून निवृत्त झाला, त्याचं यंत्र घेतलं. माझं अक्षर फुकट कशाला वाटू? पूर्णविरामाची कळ जोरात बसते, कागदाला भोक पडतं. वाक्य संपलं की पलीकडचं दिसतं.

---

२१ जानेवारी

मामा,

आशीर्वाद हातचा राखून दिलात, मग माझा नमस्कारही तेवढाच धरा.

टाइपरायटर! पत्राच्या पाकिटावरचा पत्तासुद्धा छापील! पाचव्या वर्षी माझा हात धरून ‘अ’ गिरवून घेणारा माणूस आता एका बोटाने टकटक करतोय. आणि नावं कुणाला ठेवतोय, तर आम्हा फवारेवाल्यांना. निदान आम्ही डबा तरी हातात धरतो.

‘भ’ आणि ‘म’चं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "इथे प्रतीक महत्त्वाचं आहे, अक्षर नव्हे. रेषा तुटली तर पिढ्यांमधला दुवा तुटला असा संदेश जाईल." आणि बोट फिरवलं. माझ्या हाती यातलं काहीही नाही, मी फक्त समन्वयक आहे.

खरं सांगू? तुम्हाला गुडघा आडवा आलेला नाही. तुम्ही घाबरलात. विशीतल्या पोरांच्या शेजारी उभं राहावं लागेल, कुणीतरी तुलना करेल, म्हणून. चाळीस वर्षं शिडीवर काढलेल्या माणसाने एका रेघेला घाबरावं! मला तुमची लाज वाटत नाही, पण राग येतोय.

आई म्हणते, तिचा भाऊ असा नव्हता.

टिंब

---

२९ जानेवारी

चि. टिंब हिला मामीकडून.

मी लिहितेय हे यांना कळता कामा नये. ते आंघोळीला गेलेत, म्हणून भराभर लिहिते.

तुझं पत्र त्यांनी तीन वेळा वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. संध्याकाळी म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते." एवढंच.

त्यांचा उजवा हात कापतो. दीड वर्ष झालं. मी चहाचा कप अर्धाच भरते आणि वरून म्हणते की साखर जास्त पडली म्हणून कमी दिलाय. त्यांना कळतं. मला कळतं की त्यांना कळतं. पण आम्ही दोघं साखरेवरच बोलतो. टाइपरायटर त्यासाठीच घेतलाय, डाव्या हाताच्या एका बोटाने चालवतात.

रोज सकाळी मागच्या खोलीत दार लावून जुन्या वर्तमानपत्रांवर ब्रशने रेघ ओढतात. मग कागद फाडण्याचा आवाज येतो. रद्दीवाला दोनदा येऊन गेला, आमच्याकडे द्यायला रद्दीच नाही.

लोकांसमोर हात कापला तर ‘पेंटर संपला’ म्हणतील, ही भीती आहे. पाट्या गेल्या त्याचं दुःख त्यांनी पचवलं. हे पचत नाही.

तू त्यांना बोलावू नकोस, किंवा बोलव. तुला जे योग्य वाटेल ते कर. वजन किती आहे तुझं?

मामी

---

५ फेब्रुवारी

मामा,

मागच्या पत्रात मी जिभेला हाड नसल्यासारखं लिहिलं. माफ करा. रागाच्या भरात लिहून गेले असं म्हणणार होते, पण पाकीट चिकटवायला आणि पोस्टात टाकायला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरायला हवा होता.

आणखी एक गोष्ट तुम्ही सरळ विचारलीत आणि मी उत्तर दिलं नाही. तुमच्या ‘येथे थुंकू नये’चं काय, ही. त्यावर चुना फासला. गेल्या आठवड्यात. अख्खी भिंत पांढरी करायची म्हणून दोन हात मारले. मी साहेबांना म्हटलं, तेवढा कोपरा सोडा. ते म्हणाले, "तो किरकोळ मजकूर आहे, कलाकृती नव्हे." मी भांडायला हवं होतं. बिल्ला जाईल म्हणून गप्प बसले. कलावंत झाला की माणूस किती चटकन कारकून होतो!

आयुष्यात मी स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य ते होतं, मामा. आईचं बोट धरून तिथून जाताना मोठ्याने वाचलं आणि एक गृहस्थ थुंकता थुंकता थांबले. वाचता येण्याचा काहीतरी उपयोग असतो हे मला तेव्हा कळलं.

त्या भिंतीवर आता तुमचं काहीच नाही. मला ते सहन होत नाहीये. या. रेघ वाकडी येवो, तिरकी येवो, मला तुमच्या हातची हवी.

तुमची,
टिंब

---

१० फेब्रुवारी

टिंबे,

किरकोळ मजकूर?

खिडकीजवळची जागा बघ. साहेबांना सांग, पेंटर येतोय.

मामा

---

३ मार्च

प्रिय मामी,

वजन पूर्वीइतकंच आहे. आता ऐक.

मामा परवा सकाळी बसमधून उतरले. ब्रशची पेटी होती, पण हात टेकवायची काठी बसमध्येच राहिली. म्हणजे तीच गं, जिच्यावर मनगट ठेवून ते बारीक काम करतात. माझं तोंड पडलं. ते म्हणाले, "काठीलाही म्हातारपण नको असेल."

साहेबांनी स्वागत केलं, गळ्यात बिल्ला घातला. त्यावर छापलेलं ‘जेष्ठ कलावंत’. मामांनी खिशातून पेन काढून मला दिलं आणि म्हणाले, "आधी यातला ‘य’ घाल. उघड्यावर असं फिरणं बरं दिसत नाही." साहेब हसले. त्यांना वाटलं विनोद आहे.

दहा वाजता मामा परांचीवर चढले. सरळ खूण उमटावी म्हणून खडूची दोरी मारली, ब्रश लाल रंगात बुडवला आणि भिंतीला लावला. हात कापत होता, मामी. खालूनसुद्धा दिसत होता. पहिलीच रेघ अशी आली की जणू भिंतच थंडीने कुडकुडतेय. खाली दीडशे माणसं बघत होती. वाटलं, मी या माणसाला इथे आणून चव्हाट्यावर उभं केलं.

मामा थांबले. वळले. वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात कापतो माझा. ज्याला सरळ रेघ हवी असेल त्याने घरून पट्टी आणावी."

आणि पुन्हा ओढायला लागले.

आमच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. एक म्हणाला, "काकांची स्टाइल कसली आहे!" वर्तमानपत्राच्या कलासमीक्षकाने वहीत लिहिलं, ‘वार्धक्याचा लयबद्ध हुंकार’. मामांनी मला नंतर विचारलं की हा आजार आहे की औषध.

‘भ’ची जागा आली तशी त्यांनी ब्रश उचलला. वीतभर जागा सोडली आणि पुढे गेले. साहेब खालून ओरडले, "काका, रेषा तुटली!" मामा म्हणाले, "तुटली नाही, उचलली." मग आम्ही खाली अक्षरं भरली. मामा रंगाच्या डब्यावर बसून आम्हाला शिव्या घालत होते, "‘ळ’ला पोट दे, उपाशी दिसतोय." माझ्या सहा वर्षांच्या कामात एवढा चांगला दिवस गेला नव्हता.

आम्ही जेवायला गेलो. तेवढ्यात साहेबांनी एका स्प्रेवाल्याला परांचीवर चढवून ती वीतभर जागा लाल रंगाने भरून घेतली. पिढ्यांमधला दुवा जोडला.

चार वाजता प्रमुख पाहुणे आले. त्यांना भाषण लिहून दिलं होतं, पण चष्मा गाडीत राहिला. म्हणून ते भिंतीकडे वळले, मूठ वर केली आणि ठासून वाचलं, "सारे मिळून मरू या!"

लोकांना पाहुण्यांच्या मागे म्हणायची सवय. दीडशे माणसं एका सुरात म्हणाली, "सारे मिळून मरू या!" साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ‘या’ म्हणताना त्यांचं बोट हवेत गेलं, आणि तिथेच राहिलं.

मामी, मामा इतके हसले की डब्यावरून पडायचे राहिले. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना, नुसतं भिंतीकडे बोट.

मग धावपळ. पाहुण्यांना सरबत द्यायला नेलं. साहेब पांढरा स्प्रे मारू म्हणाले, पण त्याने कडा धूसर होतात, तिथे आम्ही फवारेवाले चारीमुंड्या चीत. ब्रशच हवा, आणि हातही. साहेब मामांपुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काका, तुम्ही सांगितलं होतंत." एवढं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

मामांनी ब्रश घेतला. वर चढले. पांढरा रंग, बाजूला ‘भ’ची ताजी लाल कड. हात कापतोय आणि काठी बसमध्ये. मी मागोमाग चढून उभी होते. ते म्हणाले, "इकडे ये, टिंबे. भिंतीकडे तोंड करून उभी राहा. हलू नकोस."

आणि त्यांनी मनगट माझ्या खांद्यावर टेकवलं.

आधी आम्ही दोघंही हलत होतो. ते म्हणाले, "श्वास कोंडून धरू नकोस, सोड. तू सोडलास की मी ओढतो." मी श्वास सोडला आणि माझ्या कानाजवळून ब्रश सरकला. पुन्हा श्वास, पुन्हा ब्रश. लाल रंगावर पांढऱ्याचे दोन हात बसेपर्यंत अर्धा तास गेला. कडा अशा स्वच्छ आल्या की सुरीने कापल्यासारख्या. ‘म’चा ‘भ’ झाला. खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पाहुणे निघून गेले होते आणि लोक सरबताकडे होते.

मी रडले. रंगाच्या वासाने डोळे चुरचुरले असं सांगितलं. ते म्हणाले, "हो, मलाही तोच वास येतोय."

आणखी एक सांगायचं राहिलं. महिन्याभरात चुना विरळ झाला होता; दुपारचं ऊन भिंतीवर आलं तशी खालच्या कोपऱ्यातून मामांची जुनी अक्षरं चुन्यातून वर यायला लागली. साहेब म्हणाले तिसरा हात मारा. आमच्यापैकी एकही जण हलला नाही. मीही नाही. बिल्ला काढून त्यांच्या हातात ठेवला. तर आता वर लाल अक्षरांत ‘सारे मिळून भरू या’ आणि खाली फिकट ‘थुंकू नये’. दोन्ही एकदम वाचलं की कार्यक्रमाचा अर्थ नीट लागतो.

मामांना मी तुझ्या पत्राचं सांगितलेलं नाही. फक्त निघताना विचारलं की घरी रद्दी किती साठते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ब्रशची पेटी उचलली.

तुझी,
टिंब

---

१२ मार्च

टिंबे,

पूर्ण आशीर्वाद. हातचा काही राखला नाही.

हे पत्र हाताने लिहितोय, हे तुला अक्षरावरूनच कळलं असेल. तुझ्या मामीचा खांदा घेतलाय. ती पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसली आहे आणि दर दोन ओळींनी विचारते, "झालं का?" तिला श्वास सोडायला सांगावं लागत नाही, ती सुस्कारेच सोडते.

रद्दीवरून मी काय ते समजलो. तुझ्या मामीला जाब विचारला. ती म्हणाली, साखर जास्त पडली होती. मग आम्ही दोघं बराच वेळ हसलो आणि तिने कप काठोकाठ भरून दिला. निम्मा चहा बशीत सांडला, बशीतला प्यायलो. दीड वर्ष मी उगाच अर्ध्या चहावर काढलं.

मी घाबरलो होतो, हे तू लिहिलं होतंस ते खरं होतं. कारण चुकीचं होतं, पण भीती खरी होती. कापणारा हात दिसला की आपण माणसांतून उठलो असं वाटायचं. तिथे दीडशे माणसांना दिसला आणि काय झालं? निम्म्यांना स्टाइल वाटली, उरलेल्यांचं सरबताकडे लक्ष होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी महिनोन्‌महिने दार लावून बसलो.

तुमच्या साहेबांकडून प्रमाणपत्र आलं. त्यावरही ‘जेष्ठ’च आहे. परत पाठवलं, लाल शाईने ‘य’ घालून. बिल्ला परत केलास ते बरं केलंस. समन्वय करायला तुला बिल्ला लागत नाही, खांदा पुरतो.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दुकानाची पाटी हवी आहे. फ्लेक्सवाल्याने त्याचा फोटो मोठा करून दिला, त्यात तो शिंपी कमी आणि उमेदवार जास्त दिसतो म्हणे. मी हो म्हटलंय. त्याला एवढंच सांगितलं, मजकूर थोडका ठेव, आमच्या हिचा खांदा फार मोठं वाक्य सोसणार नाही. तो तिच्यासाठी खांद्याला बांधायची छोटी उशी शिवून देणार आहे.

आता ती खरंच कंटाळली आहे, म्हणून थांबतो. सहीच्या खाली एक रेघ ओढली आहे, बघ. वाकडी आहे. पण कागद फाडला नाही.

तुझा,
पेंटरमामा